न उडणारा फ्यूज

आमच्या घरचा फ्यूज तीस वर्षांत एकदाही उडाला नाही. वीजसुद्धा मला वचकून असते, असं मी गावभर सांगत फिरायचो. आज सुनेच्या हट्टापायी वायरमन जुनी पेटी बदलायला आला. मेन बंद करून, टेस्टर लावून त्याने फ्यूज उपसला आणि कपाळाला हात लावला.

"आजोबा, तारेच्या जागी हे काय अडकवलंत? घर पेटलं कसं नाही?"

त्याच्या चिमटीत अंबाड्यात खोचायचा चांदीचा आकडा होता, काळाठिक्कर पडलेला. बायकोने तो ओळखला, माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि फोन उचलला. तीस वर्षांनी ती माझ्या बहिणीशी बोलली.

"वन्सं, आकडा सापडला. तुमच्यावर उगाच आळ घेतला हो. या लगेच, तुमच्या भावाचा कान मी धरून ठेवलाय."