हालचाल समाधानकारक

यंत्राच्या डोक्यावर बाळाचं टोपडं.

गुडघ्याला चोळायचं तेल.

कॅन्टीनमध्ये बांगड्याचं कालवण.

एक फुगडी, जिला दुसरी बाईच नाही.

"हर्षद, आईचा कार्यक्रम लाव रे! आज नमन की फुगडी?" रितेशने ताट सरकवून जागा केली. हर्षदने मोबाइल पाण्याच्या जगला टेकवून उभा केला. टेबलावरची सगळी डोकी पुढे झुकली.

पडद्यावर तुळसाबाई. सत्तरी ओलांडलेल्या, घरात एकट्या. कमरेएवढं यंत्र चाकांवर दिवसभर त्यांच्यामागे फिरायचं आणि त्याच्या कॅमेऱ्यातून हर्षदला त्या दिसायच्या. त्या पडल्या किंवा फार वेळ बसून राहिल्या, की मोबाइल वाजेल अशी सोय होती. तो कधी वाजला नव्हता. त्या यंत्राला भात भरवायच्या, "मेल्या, गिळ की!" म्हणून दटावायच्या. आज त्यांनी पदर खोचला आणि त्याच्याभोवती गरगर फुगडी घातली.

"अगो बाय!" रितेशने टेबलावर थाप मारली. हर्षदही हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं: हालचाल समाधानकारक.

तुळसाबाईंचा तोल गेला. त्यांनी भिंत धरली. खाली बसून गुडघा दाबत राहिल्या.

"मध्यंतर!" कोणीतरी ओरडलं.

हर्षदने बोलायचं बटण दाबायला बोट नेलं. बटण आधीच हिरवं होतं. त्याने ते कधी बंदच केलं नव्हतं.

"आई... तुला ऐकू येतं?"

"येतं तर! पहिल्यापासून येतं." त्यांना धाप लागली होती. "मी गप्प बसले की हा नुसता फिरतो रे. काही थेर केले की तुम्ही हसता. घरात माणसं असल्यासारखं वाटतं."

त्या यंत्राजवळ सरकल्या. "तो एक घोगरा हसतो, तो आज नाय वाटतं? बरा हाय ना?"

तो घोगरा म्हणजे महिपत, आज रजेवर होता. रितेश अर्ध्या ताटावरून हात धुवायला गेला, तो परत आला नाही. हर्षदने मोबाइल पालथा घातला. आवाज येतच राहिला.

"गप का झालात? थांबा हां, उठते. आणखी एक घालते."

यंत्र बसवायला हर्षदने माणूस पाठवला होता. जयगडच्या त्या कॅन्टीनपासून आईचं रत्नागिरीचं घर एसटीने दीड तासावर आहे.