डोळे बांधून

काकाच्या सॅकमधून वजनासाठी भरलेल्या विटांपैकी दोन काढून सुतार आपल्या सॅकमध्ये टाकत होता, तेव्हा काका तंबूबाहेर बुटांचे बंद आवळत होता.

"आवरलं का रे?" काकाने बाहेरूनच विचारलं.

"आलोच," सुतार म्हणाला आणि सॅकचा पट्टा होता तसा लावून टाकला.

या दलात नाव फाटकापाशी ठेवून आत यायचं. आत बाकीचे देतील ते नाव. घरी सुतारकाम, म्हणून हा सुतार. एक ढोल्या होता, एक तोंडाळ होता. आणि काका. बाकीच्यांना धड मिशा फुटल्या नव्हत्या आणि याचे कानाजवळचे केस पिकायला लागले होते. वडील अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे ऐन उमेदीची वर्षं त्यांचं करण्यात गेली. ते गेले तोवर भरतीच्या वयाची अट संपत आली होती. पुढच्या वर्षी काकाला फाटकातूनही आत घेतलं नसतं. जे काय व्हायचं ते याच खेपेला.

निघताना लेक म्हणाली होती, "बाबा, त्या दादांच्या मागे राहू नकोस हं." काकाने हे कौतुकाने सगळ्यांना सांगितलं आणि स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. तेव्हापासून पोरं त्याच वाक्याने त्याला पिडत. काका हसे. कुणाचे पाय सोलले तर औषध लावून देई, कुणाला रडू आलं तर दुसरीकडे बघे. तो नसता तर निम्मी पोरं पहिल्याच आठवड्यात घरी पळाली असती.

उतारावर त्याचा डावा गुडघा मध्येच अडकतो, हे मात्र फक्त सुताराला ठाऊक होतं. तंबू एक, जोडी एक, लपवणार कुठे? "कुणाला बोलू नकोस," काका एकदाच म्हणाला होता. सुतार बोलला नाही. विटा तेवढ्या काढत गेला.

बाकीच्यांना कशाचं काही नव्हतं. उतार आला की ढोल्याला हमखास धाप लागे आणि सगळ्यांना हळू चालावं लागे. तोंडाळाच्या बुटात नेमका तेव्हाच खडा जाई. सुताराला त्यांचा मनस्वी राग येई. एवढी धडधाकट पोरं, चढावर पळतात आणि उतारावर नखरे करतात.

शेवटच्या चालीत ओढ्याकडे उतरताना गुडघा अडकलाच. सुताराने हात दिला, दोघांचा भार त्याच्यावर आला आणि तोच कडेवरून घसरला. काकाने सॅकला धरून त्याला वर खेचलं. वर आल्यावरही काकाने सॅक सोडली नाही. तिचं वजन त्याच्या हाताला कळलं होतं.

"कधीपासून चाललंय हे?"

"काय कधीपासून?"

काकाने सॅक सोडली आणि पुढे चालू लागला. संध्याकाळी जेवताना मात्र मध्येच म्हणाला, "घरी कोण असतं रे तुझ्या?"

"आई. एकटीच."

"हं," म्हणून काका ताटात बघत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादाने सगळ्यांना मैदानात रांगेत उभं केलं. धावणं, पोहणं, नेमबाजी सगळं उरकलं होतं. शेवटचा शब्द सोबत्यांचा. डोळे बांधायचे. उस्ताद एकेकाचं नाव घेणार. त्याला खऱ्या कामगिरीवर सोबत न्यायची तयारी असेल तर हात वर करायचा. निम्मे हात आले की पास. स्वतःच्या नावालाही हात वर करता येतो.

"म्हणजे एक मत घरचंच," तोंडाळ म्हणाला.

उस्तादही हसला. "आजवर कुणी वाया घालवलेलं नाही."

पट्ट्या बांधल्या गेल्या. नावं सुरू झाली. सुतार प्रत्येकाला हात वर करत गेला, ढोल्यालासुद्धा.

मग काकाचं नाव आलं.

सुताराला तो उतार दिसला. उद्या खाली ओढा नसेल, समोरून गोळ्या येत असतील, आणि गुडघा अडकेल. मग त्या पोरीला कोण सांगणार? काकाएवढा जीव त्याने इथे कुणालाच लावला नव्हता, आणि म्हणूनच हात उचलेना. बाकीच्यांना गुडघ्याचं काय माहीत? त्यांचे हात धडाधड वर गेले असतील. आपल्या एका हातावाचून काकाचं काही अडणार नाही, फक्त आपण खोटं बोललो असं होणार नाही. त्याने हात खालीच ठेवला. पट्टीच्या आत त्याचे डोळे भरून आले.

पट्ट्या तशाच ठेवून उस्तादाने निकाल सांगायला सुरुवात केली. ढोल्या पास. तोंडाळ पास. सुतार, सगळेच्या सगळे हात, पास.

मग उस्ताद थांबला.

"काका," तो म्हणाला. "एकही हात नाही."

रांगेत कुणीतरी नाक ओढलं, मग आणखी कुणीतरी.

"त्याचा स्वतःचाही नाही."