सुसरबाच्या पुढची पट्टी

कडूबाच्या लेकीच्या, वच्छलाच्या लग्नाला पंधरा दिवस झाले होते. साल एकोणीसशे ब्याऐंशी. पाहुणे गेले, मांडव निघाला, आणि रविवारी दुपारी कडूबानं नेहमीसारख्या खिडक्यांना गोधड्या लावून खोलीत अंधार केला. जयसिंगपुऱ्यातली शेजारची मंडळी सतरंजीवर येऊन बसली होती. आज सुसरबाचा सिनेमा होता.

सुसरबा हे नाव गल्लीनंच ठेवलेलं. सुसरीच्या तोंडाचा, समुद्रातून वर येऊन गोऱ्या लोकांची शहरं तुडवणारा राक्षस. कडूबाकडे असे अकरा सिनेमे होते. सगळे परदेशी, सगळे जुने, सगळे राक्षसांचे. छावणीच्या भंगारात एखादा फिल्मचा डबा निघाला की फकिरा भंगारवाला त्याच्यासाठी राखून ठेवायचा. कडूबा गावोगाव फिरणाऱ्या सरकारी प्रचारगाडीवर सिनेमा दाखवायचं मशीन चालवायचा. ती गाडी मोडीत निघाली तेव्हा त्यानं तिचं मशीन मागून घेतलं. इंग्रजी त्याला येत नव्हतं. राक्षस बोलत नाहीत, म्हणून ते त्याला समजायचे.

"काय कडूबा, सुसर जेवली का आज?" शेजारच्या काकासाहेबांनी विचारलं.

"उपाशी हाय. म्हणून तर तुम्हाला म्होरं बसवलंय."

माणसं हसली. कडूबाची बायको द्वारकाबाई हसली नाही. ती या खेळाला कधी बसत नसे. आज ती आली आणि मशीनजवळ उभी राहिली.

"अवं, आज राक्षस नको. ती शेंद्र्याची फिल्म लावा."

कडूबाचा हात मशीनवरच थांबला.

वीस वर्षांपूर्वी प्रचारगाडीच्या साहेबांनी कडूबाच्या गावी, शेंद्र्याच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांचं चित्रण केलं होतं. चार मिनिटांचं. त्या बायकांत द्वारकाबाई होती. पुढं साहेबांची बदली झाली, चित्रण कुठं दाखवलं गेलं नाही, आणि डबा कडूबाकडे राहिला. "दाखवीन एकदा," असं तो बायकोला म्हणत आला. ती वर्षातून एक-दोनदा विचारायची. तो म्हणायचा, "सोताचं तोंड बगायची लई हौस गं तुला."

सिनेमाच्या रिळाला तोंडाशी चार-सहा हात लांब दुसरी पट्टी जोडावी लागते. मशीनमध्ये आधी ती जाते. मशीनचे दात तिलाच लागतात, ओरखडे तिच्यावर पडतात, आणि सिनेमा वाचतो. ती पट्टी सरेपर्यंत दिवा लावत नाहीत. प्रचारगाडीवर या कामाला कोणतीही टाकाऊ फिल्म कापून वापरायची रीत होती. घरी कोरी पट्टी मिळेना, तेव्हा कडूबानंही तेच केलं. एका सिनेमाला चार हात पट्टी लावली, दुसऱ्याला सहा. झिजली की तोडून टाकली आणि नवी लावली. दहा वर्षांत शेंद्र्याचा डबा रिकामा झाला.

"ती फिल्म नाय राहिली," तो म्हणाला. "पट्ट्या करून लावल्या म्या. सगळ्या सिनेम्यांना."

"सगळी कापली?"

"व्हय."

काकासाहेब उठले. त्यांच्यामागं बाकीची माणसं चपला शोधत बाहेर गेली.

कडूबा म्हणाला, "आगं, उद्या गुलमंडीला जाऊ. चांगल्या स्टुडिओत तुझा फोटो काढू. वच्छलाच्या लग्नातलं लुगडं नेस."

"माझा फोटो घेऊन काय करू?" द्वारकाबाई म्हणाली. "माझ्या शेजारी आवडा होती."

आवडा ही तिची धाकटी बहीण. त्या वर्षी ती आठ दिवस शेंद्र्याला राहायला आली होती, आणि बहिणीबरोबर विहिरीवर गेली होती. कडूबाच्या हे ध्यानातच नव्हतं. फिल्म कापताना त्यानं ती उजेडासमोर धरून एकदाही पाहिली नव्हती.

"लग्नात समद्या बाया म्हनल्या, वच्छला आवडावर गेली," द्वारकाबाई म्हणाली. "तवापासून आवडाला आठवाया बसले की वच्छलाच दिसती. तिचं तोंड मला आठवंना झालंय."

कडूबानं अकराही डबे खाली काढले. एकेका रिळाची नुसती सुरुवात मशीनमध्ये घातली, आणि पट्टी असतानाच दिवा लावला. भिंतीवर ओरखडेच ओरखडे आले. एका तुकड्यात रहाट फिरत होता. एकात घागर धरलेला हात होता, बांगड्यांसकट. तीन तुकड्यांत काहीच ओळखू येत नव्हतं. आठव्या तुकड्यात दोन बायका डोक्यावर घागरी घेऊन चालत येत होत्या. दोघींच्या तोंडांच्या जागी फिल्म घासून पांढरी झाली होती.

द्वारकाबाई भिंतीपाशी गेली. डावीकडच्या बाईवर तिनं हात ठेवला.

"ही आवडा. लंगडती बगा जरा. काटा मोडला होता तिच्या पायात. पुन्हा लावा."

त्यानं पुन्हा लावलं. ती म्हणाली, आणखी एकदा. तिसऱ्या वेळी पट्टी दातांत अडकली आणि मधोमध फाटली. भिंत कोरी झाली. कडूबानं दिवा बंद केला नाही. गेली दहा वर्षं दर रविवारी आवडा या मशीनमधून गेली होती, आणि दर वेळी त्यानं ती सरायची वाट पाहिली होती.

आवडाबाई सिल्लोडला सासरी पहिल्या बाळंतपणात वारली, एकोणीसशे त्रेसष्टच्या मार्गशीर्षात. ती एकोणीस वर्षांची होती. तिचा फोटो कुणी काढला नव्हता.