बाबांचं यीस्ट

"काल व्हिन्झेन्झच्या दारावर बिअर तयार असल्याचा तारा टांगलेला दिसला, म्हणून प्यायला गेलो," खाटीक सॉसेज बांधता बांधता म्हणाला. "अगदी तुमच्या बाबांच्या हातची लागते हो!"

आल्बानचं टाळकंच फिरलं. सॉसेज तिथंच टाकून तो निघाला.

ओबरफाल्झ भागातल्या त्या गावात माल्टचा काढा सगळ्यांचा एकाच भट्टीत उकळतो आणि ज्याचा त्याचा वाटा घरी जातो. पुढची चव यीस्टची आणि तळघरातल्या गारव्याची. बाबांचं यीस्ट नऊ अंशांवर सावकाश काम करायचं. ते फक्त आल्बानच्या घरी होतं आणि त्याची बायको बुर्गा ते जिवापाड जपायची. मागायला आलेल्याला यीस्ट नाही म्हणायचं नाही, अशी गावची रीत. पण अठरा वर्षांपूर्वी शेताच्या वाटणीवरून बिनसलं, आणि भांडं घेऊन दारात आलेल्या धाकट्या भावाला, व्हिन्झेन्झला, आल्बाननं रिकाम्या हाती हाकललं. वर म्हणाला, "दुकानातली पुडी घाल!" त्याचं त्याला आजही काही वाटत नव्हतं.

तो तडक व्हिन्झेन्झच्या तळघरात उतरला. तापमापक नऊवर होता. वासही तोच, बाबांच्या वेळचा.

"चोरा! कुठून आणलंस?"

व्हिन्झेन्झ पिंप घासत होता. "आज काढा नेलास ना? गार झाला का?"

"माझ्या काढ्याची चौकशी नको! माझ्या तळघरात कधी शिरलास ते बोल."

"अठरा वर्षांत तुझा उंबरा ओलांडलेला नाही, दादा."

"मग काय उडत आलं?"

व्हिन्झेन्झ पिंप घासतच राहिला.

फळीवर एक डबा होता आणि शेजारी निळ्या काठाची बरणी, वर धुतलेलं फडकं बांधलेली. दोन्हींत दाट, पांढुरकं यीस्ट. आल्बाननं डबा उचलून मोरीत पालथा केला. मग बरणीला हात घातला.

"ती तरी राहू दे!" व्हिन्झेन्झ धावला. "दादा, पाया पडतो."

"झोंबलं ना?" आल्बाननं बरणी रिकामी केली, विसळली आणि वर नळ सोडून दिला.

व्हिन्झेन्झ पायरीवर बसला. "घरी जा," तो म्हणाला.

घरी आल्बाननं बरणी टेबलावर आदळली.

"ही बघ चोराची बरणी! आता बाबांचं यीस्ट फक्त आपल्याकडे. काढा नऊवर आलाय, जा, घाल."

बुर्गा जागची हलली नाही.

"यात होतं ते कुठंय?"

"मोरीत. डब्यातलंही. थेंब ठेवला नाही."

तिनं बरणीचा काठ एप्रनला पुसला.

"तू त्याला हाकललंस, त्याच दिवशी मागच्या दारानं मी त्याला यीस्ट दिलं," ती म्हणाली. "आपल्याकडचं त्या उन्हाळ्यातच मेलं, आल्बान. तेव्हापासून दर वेळी मी ही माझी बरणी त्याच्याकडे ठेवते आणि भरून आणते."