गरम प्रोसेसर, थंड हवा

“प्रोसेसर बदल, नाहीतं रविवारी अमरावतीले मॅचले येऊ नको. तुह्या जागी गोपाल खेळन.” ओमप्रकाशनं काउंटरमागूनच निकाल दिला. जठारपेठेतलं कॉम्प्युटरचं दुकान त्याचं. गेमिंगची पाच जणांची टीमही त्याचीच, कप्तानही तोच.

प्रियदर्शनीनं भिंतीकडं बोट दाखवलं. तिथं वर्षभराच्या सरावातल्या छोट्या फेऱ्यांच्या गुणांची उतरत्या क्रमानं यादी चिकटवलेली होती.

“यादी सोड. मॅचमंधी अडकते तू. मशीन म्हातारी, अन् पोरींचे हात स्लोच.”

मशीन तिनं दोन वर्षांपूर्वी इथूनच घेतली होती, जुनी. ओमप्रकाशनं स्वतः जोडून दिली. मागं सील चिकटवून बजावलं, हे फाडलं की वॉरंटी गेली. तिनं कधी हात लावला नाही. गेम दहा मिनिटं नीट चालायचा, मग धक्के खायचा. ती सांगायला यायची आणि हातांचा टोमणा ऐकून परत जायची.

आज ती मशीन घेऊन आली, तेव्हा तिची आई सोबत होती. केशरबाई कूलरच्या कारखान्यात मोटारी बसवायची. प्रोसेसर घ्यायचा म्हणूनच आली होती. पण तिच्या कारखान्यात एक रीत होती. चालत्या पंख्याच्या वाऱ्यात हात धरून तो गरम की थंड हे पाहिल्याशिवाय मोटार भंगारात टाकायची नाही.

“आधी चालवून दाखव,” ती म्हणाली.

गेम सुरू झाला. थोड्याच वेळात चित्र अडकू लागलं. कोपऱ्यात तापमानाचा आकडा लाल झाला.

“पाहा, मावशी. प्रोसेसर उकळून राहिला.”

केशरबाईनं कॅबिनेटच्या मागं तळहात धरला. बराच वेळ धरला.

“हवा तं थंडी हाय.”

“मावशी, हा तुमच्या कारखान्यातला कूलर नाही.” दुकानातली गिऱ्हाइकं हसली.

“आत उकळून राहिलं म्हन्तं, अन् बाहीर थंडी हवा? मंग गरमी अडली कुठं?”

केशरबाईनं मशीन बंद करायला लावली, पिशवीतून पेचकस काढला आणि सील टराटरा फाडलं.

“वॉरंटी जाईन!”

“कायची वॉरंटी? दोन सालापासून पोरगी हेच बोंबलून राहिली ना तुह्यापाशी?”

स्क्रू निघाले, झाकण उघडलं. प्रोसेसरवरचा पंखा प्रियदर्शनीनं स्वतः उचलला. त्याच्या तळाला प्लास्टिकची पातळ पट्टी होती. बसवण्याआधी सोलून टाकायची ती पट्टी. कोणी सोललीच नव्हती. गरमी तिथंच अडली होती. उष्णतेनं ती करपून तपकिरी झाली होती.

चूक कोणाकडूनही होते. पण डबा एकदाही न उघडता दोन वर्षं पोरीच्या हातांना नावं ठेवायची, याला चूक म्हणत नाहीत.

पट्टी निघाली. उष्णता पंख्याकडं पोचवणारी नवी पेस्ट लागली. अर्धा तास गेम चालला, एकदाही अडकला नाही. मागून भट्टीसारखी हवा येऊ लागली.

ओमप्रकाशनं घसा साफ केला. “बरं, प्रोसेसर राहू दे. ये रविवारी. पाचवी जागा तुहीच.”

“पाचवी?”

प्रियदर्शनी उठली. करपलेली पट्टी तिनं भिंतीवरच्या यादीत आपल्या नावापुढं चिकटवली. यादीत तिच्या वर फक्त ओमप्रकाशचं नाव होतं.