पाठमोरं बाकडं

तळ्याकडे पाठ केलेलं ते बाकडं शहरभर प्रसिद्ध होतं. लोक मुद्दाम येऊन फोटो काढत, बसवणाऱ्याच्या अकलेची कीव करत. बसवणारा पालिकेचा फिटर होता. नकाशा उलटा धरून त्यानं ते रोवलं होतं. सहकारी त्याला 'उलटे उस्ताद' म्हणत. निवृत्तीआधी ते आपल्याच हातानं सरळ करायचं, म्हणून तो पाना घेऊन आला, तर बाकड्यावर एक आजी नातीला घेऊन बसलेली. "ताई, जरा उठता? हे तळ्याकडे फिरवायचंय." आजी गुडघे धरून उठली. त्यानं पहिला बोल्ट सैल केला. "हिच्या आईला आजच खिडकीजवळचा पलंग मिळालाय," समोरच्या इस्पितळाकडे बघत आजी म्हणाली. "लहानांना आत सोडत नाहीत." वरच्या खिडकीत एक हात हलला. नातीनंही हलवला. फिटरनं बोल्ट पुन्हा आवळला. मुकादमाचा फोन आला. "झालं का सरळ?" "सरळच होतं."