एकच भाकर

दुष्काळात पाव कुठला? म्हणून घरोघरचं मूठमूठ पीठ मिसळून प्रभुभोजनाची एकच भाकर थापायची, अशी वस्तीतल्या ख्रिस्ती मंडळींनी रीत पाडली होती. आज उपासनेत पाळकांनी भाकर समोर धरली, तशी एस्तेरबाईनं मान फिरवली. सकाळीच साखर कारखान्याच्या टँकरपाशी राहेलबाईनं तिचा भरलेला हंडा परस्पर उचलून नेला होता. आता तीच मांडीला मांडी लावून बसली होती. "हिच्यासंगं प्रभूची भाकर न्हाई खानार," एस्तेरबाई फणकारली. पाळक हसले. "मग बाई, तिच्या घरचं पीठ तेवढं निवडून काढा." राहेल पुटपुटली, "पानी बी काढ. तुज्याच हंड्यातलं हाय. आज भाकरीची पाळी माजी, अन् घरात थेंब न्हवता." एस्तेरबाईला हसू फुटलं. भाकर मोडून तिनं पहिला घास राहेलला भरवला. "तरीच म्हनलं, एवढी टम्म कशी फुगली!"